तळ्याकाठी काडीच्या टोकावर बसणारा मोठा काळा-पिवळा चतुर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की माझ्या फोनवर एकच फोटो दहा जणांकडून येतो. वाळकी काडी, मागे पाणी, आणि काडीच्या अगदी टोकाला एक दांडगा काळा-पिवळा चतुर. सोबत प्रश्नही तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय, प्रश्न ज्या भाषेत येतात त्याच भाषेत.

हा नेमका कोण?

बहुतेक वेळा हा कॉमन क्लबटेल निघतो, शास्त्रीय नाव इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स. भारतभर आहे, शिवाय नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तानातही आहे. आपल्याकडे तळी, धरणाचा फुगवटा, संथ वाहणारी नदी, कालवा, जुनी दगडाची खाण पाण्याने भरलेली, असं कुठेही पाणी असलं आणि काठाला बसायला काडी असली की हा सापडतो. दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, तरी पहिल्यांदा जवळून बघणारा माणूस थबकतोच, कारण एवढा मोठा चतुर इतका निवांत बसलेला सहसा बघायला मिळत नाही. मोठे चतुर बरेचसे सतत उडत असतात, हा मात्र बसतो.

केवढा असतो?

डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास ७ सेंटीमीटर. त्यातली पाच-सव्वापाच सेंटीमीटर तर नुसती शेपूटच. मागचा एक पंख साधारण ४ सेंटीमीटरचा, म्हणजे पंख पसरून बसला की तळहाताएवढा दिसतो. आकाराचा अंदाज घ्यायला सोपी गोष्ट सांगतो, तुमचं मधलं बोट बघा, जवळजवळ तेवढा हा लांब असतो.

(आपण शेपूट म्हणतो ते खरं तर त्याचं पोट असतं, पण सगळे शेपूटच म्हणतात म्हणून मीही खाली शेपूटच लिहितो.)

पक्कं ओळखायचं कसं? काळे-पिवळे तर बरेच असतात ना?

हो, आणि म्हणूनच रंगावर जाऊ नका. रंग ऊन कसं आहे, वय किती आहे, मोबाईलचा कॅमेरा कुठला आहे यावर बदलतो, आणि नुकताच कात टाकून बाहेर आलेला चतुर तर इतका फिका असतो की ओळखू येत नाही. मी तीन गोष्टी बघतो आणि याच क्रमाने बघतो.

पहिली, डोळे. समोरून किंवा वरून बघा. याचे दोन डोळे एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे मोहरीचा दाणा मावेल एवढी फट असते. आपल्याकडचे बहुतेक ओळखीचे चतुर, म्हणजे लाल, निळे, पिवळसर, सगळे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असेच असतात, त्यामुळे फट दिसली की अर्धं काम झालं, हा गॉम्फिडी कुळातला. डोळ्यांचा रंग निळसर राखाडी, थोडा पावसाळी आभाळासारखा.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, शेपटीवरची पाळ. शेपटीचे १० खंड असतात. टोकाकडून उलटं मोजत या, दहा, नऊ, आठ. हा जो आठवा खंड, म्हणजे शेवटून तिसरा, त्याच्या दोन्ही बाजूंना खाली कानाच्या पाळीसारखा चपटा काळा पापुद्रा असतो. बाजूने बघितलं की शेपूट टोकाशी एकदम रुंद झाल्यासारखी वाटते आणि मग परत निमुळती होते. एकदा ही पाळ डोळ्यात बसली की वीस फुटांवरूनही कळतं. सातव्या खंडाचा पुढचा अर्धा भाग पिवळाजर्द असतो, तो मागच्या काळ्या पाळीच्या जवळच असल्यामुळे दोन्ही मिळून टोकाजवळ पिवळं-काळं असा ठसठशीत पट्टा दिसतो. सावलीत बाकीचं काही दिसलं नाही तरी तो पिवळा दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे बसण्याची पद्धत. उघड्या काडीचं अगदी टोक, तोंड बहुतेक वेळा पाण्याकडे, पंख सपाट पसरलेले. कुणी जवळ गेलं की उडतो, एक गोल मारतो आणि परत त्याच काडीवर. तिथेच. मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो तर अर्ध्या तासात एकाच बोरूच्या टोकावर तो अकरा वेळा परत आला, मधे दोनदा दुसऱ्या नराला हाकलून आला आणि एकदा तोंडात काहीतरी घेऊन आला.

बाकी खुणा पक्केपणासाठी: छाती काळी आणि तिच्यावर पिवळे-हिरवट पट्टे, पाय काळे आणि काटेरी, पंख पारदर्शक पण मुळाशी किंचित पिवळट, पंखाच्या टोकाजवळचा ठिपका काळा.

शेपटीच्या टोकाला ते जे काही आहे ती नांगी आहे का? डंख मारतो का?

नाही. कुठलाच चतुर डंख मारत नाही, त्यांना नांगीच नसते आणि विषही नसतं. ती पाळ म्हणजे नुसता चपटा पापुद्रा, आणि शेवटच्या टोकाला ज्या दोन काळ्या चिमट्यासारख्या काड्या दिसतात त्या नराला मीलनाच्या वेळी मादीचं डोकं धरायला लागतात. हातात पकडलात तर तो जबड्याने चावायचा प्रयत्न करेल, मोठा असल्यामुळे चिमटा जाणवतो, पण त्याने काही होत नाही. तरी पकडू नका, पायाचा सांधा निखळतो आणि मग त्याला शिकार धरता येत नाही.

नर कुठला, मादी कुठली?

काडीवर पहारा देत बसलेला दिसला तर बहुधा नर. मादी पाण्यावर थोडाच वेळ येते, मीलन आणि अंडी घालणं झालं की निघून जाते, एरवी ती लांब झाडाझुडपात असते. फोटोत बघायचं तर मागच्या पंखाचं मूळ बघा, नराचं तिथे कोपरा काढल्यासारखं टोकदार असतं, मादीचं गोलसर. नराच्या दुसऱ्या खंडाखाली एक फुगवटाही दिसतो. मादीची शेपूट जरा जाड आणि तिची पाळ लहान.

मी पाहिलेला हिरवा होता आणि खाली बसतच नव्हता. तोही हाच का?

नाही, तो बहुतेक अ‍ॅनॅक्स असणार, इंग्रजीत एम्परर किंवा डार्नर म्हणतात ते. तो याच्याहूनही मोठा. छाती हिरवीगार, शेपटीच्या मुळाशी निळं, डोळे मोठे आणि डोक्यावर लांबवर एकमेकांना चिकटलेले. तो पाण्यावर येरझाऱ्या घालत राहतो, तासन्‌तास. बसलाच तर काडीच्या टोकावर आडवा नाही बसत, फांदीला खाली लटकतो, वटवाघळासारखा म्हणा. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाणवनस्पतीच्या देठाला चिरा पाडून आत घालते. हा फरक लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही.

मग गोंधळ कोणाशी होतो?

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण फोटो पाठवणाऱ्यांची चूक इथेच होते.

सगळ्यात जास्त चूक होते ग्रीन मार्श हॉकशी, ऑर्थेट्रम सबायना. तोही काळा आणि पिवळट-हिरवा, तोही शिकारी, आणि तो तर गवतात, शेतात, सोसायटीच्या बागेत सगळीकडे. पण तो जेमतेम पाच सेंटीमीटरचा, डोळे हिरवे आणि एकमेकांना टेकलेले, आणि शेपूट मुळाशी फुगीर मग एकदम बारीक, कंबर आवळल्यासारखी. पाळ नाही. बसतो खाली, गवताच्या पातीवर किंवा जमिनीजवळ.

दुसरा, पॅरागॉम्फस लिनिएटस, कॉमन हूकटेल. हा क्लबटेलचा नातेवाईकच, त्यामुळे डोळ्यांत फट आहे आणि शेपटीला पाळही आहे, म्हणून नवशिके फसतात. पण हा खूप लहान, पिवळा जास्त आणि काळा कमी, आणि नराच्या शेपटीच्या टोकाला आकड्यासारखे वळलेले अवयव असतात. नदीकाठच्या वाळूवर, दगडावर बसलेला सापडतो.

तिसरा, एपोफ्थॅल्मिया व्हिटाटा. मोठा, तपकिरी आणि पिवळे पट्टे असलेला, तळ्यावर काठाकाठाने वेगात फिरणारा. उडताना बघितलं तर कुणालाही क्लबटेल वाटेल. पण डोळे चिकटलेले आणि तोही बसताना लटकतो.

आणि खरी परीक्षा घेणारे म्हणजे गॉम्फिडिया या वंशातले चतुर. आकार जवळपास तोच, रंग काळा-पिवळाच, डोळ्यांत फट, आणि काडीच्या टोकावर बसायची सवयसुद्धा तीच. यांच्या आठव्या खंडाला ती रुंद पाळ नसते, एवढाच ढोबळ फरक. सह्याद्रीत, खास करून दक्षिणेकडे नदीवर फोटो काढला असेल तर पाळ दिसल्याशिवाय मी कधीच नाव सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

पावसाळ्यात मैदानावर, रस्त्यावर थवेच्या थवे उडतात ते पिवळसर चतुर वेगळे, ते पँटाला. त्यांचा आणि याचा काही संबंध नाही.

दुपारी हा शेपूट आभाळाकडे करून उलटा का बसतो? आजारी आहे का?

आजारी नाही, ऊन टाळतोय. सूर्य डोक्यावर आला की शेपूट सरळ सूर्याकडे रोखून धरली तर अंगावर ऊन कमीत कमी पडतं. सकाळी कोवळ्या उन्हात आडवाच बसेल, बारा-साडेबाराला बघा, हळूहळू शेपूट वर जाते. बाकीचे काही चतुरही असं करतात, पण हा उघड्यावर आणि मोठा असल्यामुळे लगेच नजरेत भरतो.

कुठे आणि कधी बघायला जाऊ?

लांब जायची गरज नाही. गावाचं तळं, शहरातला तलाव, ज्याच्या काठाला थोडी तरी पाणगवतं, बोरू, लव्हाळा, पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांद्या आहेत तिथे जा. भंडारा-गोंदियाकडचे जुने मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव, आणि छोट्या बोड्या यांच्यासाठी तर उत्तम. तळकोकण आणि गोव्यातली तळी, संथ ओहोळ, तिथेही हा असतो. एकदम काँक्रीटचा काठ, मधे कारंजं आणि एकही काडी नाही अशा तलावावर मात्र तासभर फिरून हात हलवत परत याल.

उन्हाळ्याच्या अखेरपासून दिवाळीपर्यंत मला जास्त दिसतात. वेळ सकाळी नऊनंतरची, ऊन तापलं की. ढगाळ दिवशी दिसला नाही तर नाराज होऊ नका, ऊन नसेल तर तो काडी सोडून झाडात जातो.

खातो काय?

उडणारं जे धरता येईल ते. माश्या, पतंग, फुलपाखरं, टाचण्या (चतुरांचे बारीक, सडपातळ भाऊबंद), आणि स्वतःच्याच जातकुळीतले लहान चतुरसुद्धा. काडीवर बसून डोकं बारीक बारीक वळवत असतो, तेव्हा तो वरून जाणारं प्रत्येक काहीतरी मोजतोय असं समजा. मग सुटतो, पायांची टोपली करून हवेतच पकडतो आणि काडीवर येऊन खायला बसतो. खाताना पंख आधी गळून पडतात. काडीखाली पाण्यावर तरंगणारे फुलपाखराचे सुटे पंख दिसले तर वर बघा.

नावाचा अर्थ काय?

हे मला फार आवडतं. रॅपॅक्स म्हणजे लॅटिनमध्ये झडप घालून ओरबाडून नेणारा. हे नाव फ्रेंच कीटकतज्ज्ञ रॅम्बूर याने १८४२ मध्ये दिलं. वंशाचं नाव आधी इक्टिनस होतं, ग्रीकमध्ये इक्टिनोस म्हणजे घार. पण ते नाव आधीच एका भुंग्याच्या वंशाला दिलेलं निघालं, म्हणून १९३४ मध्ये ते बदलून इक्टिनोगॉम्फस झालं, गॉम्फोस म्हणजे खिळा किंवा खुंटी. घार हा शब्द मात्र नशिबाने राहिला, आणि ज्याने याला काडीवरून सुटताना पाहिलंय त्याला तो पटेल. त्याच १९३४ साली ब्रिटिश कीटकतज्ज्ञ फ्रेझर यांचा भारतातल्या चतुरांवरचा दुसरा खंड आला, ज्यात या कुळाचं वर्णन आहे, आणि त्यातली मापं आजही आपण वापरतो.

मराठीत याला काय म्हणतात?

चतुर. मुलं हेलिकॉप्टर म्हणतात. बारीक सडपातळ, बसल्यावर पंख मिटून घेणाऱ्या त्या टाचण्या, आणि पंख पसरून बसणारे ते चतुर, एवढा फरक मराठीत आहे आणि तो चांगला फरक आहे. प्रत्येक जातीला वेगळं नाव बोलीत नाही, सहाजिकच आहे, एकट्या महाराष्ट्रात चतुर आणि टाचण्या मिळून सव्वाशेच्या वर जाती आहेत. म्हणून मी कॉमन क्लबटेल असंच लिहितो आणि बोलतो.

अंडी कुठे घालतो? पिल्लं कशी असतात?

मादी पाण्यावरून खाली येऊन शेपटीचं टोक पाण्याला टेकवत जाते, बऱ्याचदा तरंगणाऱ्या वनस्पतींच्या आसपास. अंड्याच्या एका टोकाला गुंडाळी केलेला धागा असतो, पाण्यात तो सुटतो आणि वनस्पतीत अडकतो, त्यामुळे अंडं तळाच्या गाळात बुडून गुदमरत नाही. एवढ्याशा अंड्याला एवढी सोय.

अळी पाण्यात, तळाशी, गाळात आणि कुजक्या पानांत राहते. बघितलीत तर ही चतुराची अळी असं वाटणारच नाही, रुंद आणि चपटी असते, पानाचा तुकडा पडलाय की काय असं वाटतं. खालचा ओठ दुमडलेल्या हातासारखा, भक्ष्य जवळ आलं की सटकन पुढे येतो. पोटाच्या मागच्या टोकातून पाणी आत ओढून श्वास घेते आणि तेच पाणी जोरात बाहेर फेकून पुढे सटकते.

पूर्ण वाढली की पाण्याबाहेर येते आणि कात टाकते. गेल्या वर्षी जून सुरू होता, पहिला पाऊस होऊन गेला होता, मी सकाळी बांधाच्या दगडांवर बसलो होतो आणि हाताजवळच एक रिकामी कात दिसली. मातीने लडबडलेली, सहाही पाय दगडाच्या खरबरीत पृष्ठभागाला घट्ट धरून, पाठीवर उभी चीर आणि त्या चिरेतून बाहेर आलेले पांढरे बारीक धागे. ते धागे म्हणजे अळीच्या श्वासनळ्यांचं अस्तर. कात भोपळ्याच्या बीसारखी चपटी, पण कितीतरी मोठी. आजूबाजूला शोधलं तर हातभर अंतरावर बेशरमच्या झुडपात तो बसला होता, पंख काचेसारखे चकाकणारे, रंग दुधात हळद घातल्यासारखा फिका, पाळ मात्र स्पष्ट. मी हललो नाही. साधारण चाळीस मिनिटांनी पंख थरथरवायला लागला आणि मग उडाला, कसाबसा, पाण्यापासून लांब, आमराईच्या दिशेने.

ओळखीसाठी फोटो कसा काढू?

मोबाईल चालतो. एक फोटो बाजूने, पूर्ण शेपूट येईल असा, कारण पाळ बाजूने दिसते. एक वरून, डोळे आणि सगळे खंड मोजता येतील असा. जमलं तर समोरून. उडाला तर मागे धावू नका, आहात तिथेच खाली बसा, तो परत येतो, आणि दुसऱ्यांदा आल्यावर तुम्हाला आणखी जवळ येऊ देतो. झूम करून काढलेला एक अंधुक फोटो पाठवण्यापेक्षा दहा मिनिटं थांबा. जागा, तारीख, पाणी कसलं होतं, तळं की ओढा, हे लिहून ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकलंत तर नोंद कायमची राहते आणि कुणीतरी तपासतं पण.

डास कमी होतील म्हणून चतुर वाढवावेत का?

चतुर डास खातात आणि त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात हे खरं. पण डेंग्यूचा डास तुमच्या कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, टाकीत वाढतो, आणि क्लबटेल तळ्यात वाढतो, दोघांची गाठ तिथे पडतच नाही. कुंडीतलं पाणी तुम्हालाच ओतावं लागेल. चतुर हवेत कारण ते तळ्याचे आहेत, तेवढं कारण पुरेसं आहे.

हा धोक्यात आहे का?

जात म्हणून नाही, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत लीस्ट कन्सर्न, म्हणजे काळजी नसलेला, आहे. पण तुमच्या तळ्यावरून तो नाहीसा होऊ शकतो आणि ते मी पाहिलंय. आमच्याकडच्या एका तळ्याचं सुशोभीकरण झालं, काठ खरवडून काँक्रीटची भिंत, बोरू उपटला, पाण्यातली वाळकी झाडं काढली, गाळ एका उन्हाळ्यात सगळा काढला. त्याआधी एका फेरीत मी काठावर नऊ नर मोजले होते, पुढच्या वर्षी एकही नाही, त्याच्या पुढच्या वर्षी एक आला, तो बाकाच्या लोखंडी दांड्यावर बसला होता. तुमच्या गावात असं काम निघालं तर विरोधच करा असं नाही म्हणत, पण एवढं नक्की मागा: गाळ टप्प्याटप्प्याने काढा, एका बाजूचा मातीचा काठ आणि बोरू राहू द्या, पाण्यातल्या दोन-चार वाळक्या फांद्या राहू द्या. याला पैसे लागत नाहीत.

मुलं पकडून दोरा बांधतात, काय करू?

रागावू नका, तळ्यावर घेऊन जा. आठ वर्षांच्या मुलाला "आठवा खंड शोध" म्हणून सांगितलं की तो मोठ्यांपेक्षा लवकर शोधतो. आणि कात दाखवा, कात घरी न्यायला हरकत नाही, काडेपेटीत कापूस घालून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. ज्याच्याकडे कात आहे तो दोरा बांधत नाही, असा माझा अनुभव आहे.

घरात शिरलाय, ट्यूबलाइटला धडकतोय, काय करू?

लाइट बंद करा, पंखा आधी बंद करा. खिडकी उघडी ठेवा, बाहेरचा दिवा असेल तर तो लावा. तरी गेला नाही तर दमून भिंतीवर बसेल, तेव्हा त्याच्यासमोर काडी किंवा पेन्सिल धरा, बहुतेक वेळा स्वतःहून धरतो. तसाच बाहेर नेऊन झुडपावर ठेवा. रात्री उडणार नाही, सकाळी ऊन आल्यावर जाईल.